पडसाद, शीळ आणि हुंकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त वैशाली नगर, भिलाई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत किंवा इतिहास यांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडून मी एका यंत्रविषयाकडे वळलो, याबद्दल कार्यकारिणीतील एक-दोन मित्रांनी सौम्य नापसंती दर्शविली होती. तरीही मी विषय बदलला नाही, कारण आपण बोलावले नाही तरी हा विषय आपल्या प्रत्येक कार्यक्रमात आपणहून हजर होतो. पाहुणे बोलावयास उभे राहतात आणि माईक शिट्टी मारतो. घरी संध्याकाळी परदेशातील मुलाचा फोन येतो, तो टेबलावर ठेवून सारे कुटुंब भोवती बसते, आणि पलीकडून पहिले वाक्य येते ते असे : "बाबा, मला माझाच आवाज परत ऐकू येतो आहे." यानंतर जे संभाषण होते त्याला संभाषण म्हणावे की नाही, हे आपणच ठरवा. माझे आयुष्य दूरसंचाराच्या तारांत गेले असल्यामुळे लोक मला त्यावर उपाय विचारतात. रस्त्यात उभ्या उभ्या दिलेली उत्तरे अपुरी असतात. आज बसून सविस्तर सांगावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

आरंभी शब्दांची थोडी झाडलोट केली पाहिजे. 'ध्वनिक्षेपक' हा आपला शब्द मोठा भारदस्त आहे. परंतु कोणी तो बोलण्याच्या यंत्राला लावतो, कोणी ऐकविण्याच्या. आजच्या विषयात तर या दोन यंत्रांचे एकमेकांशी असलेले भांडण हाच मुख्य भाग आहे. तेव्हा मी सरळ 'माईक' आणि 'स्पीकर' म्हणेन. शुद्धभाषाप्रेमी मंडळींनी क्षमा करावी. स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरून त्याच स्पीकरमधून पुन्हा बाहेर पडतो आणि ही फेरी वाढत जाते, तेव्हा ऐकू येते ती शीळ. आपला शब्द दूरच्या यंत्रातून काही वेळाने आपल्याकडे परत येतो, तो पडसाद. आणि बंद खोलीच्या भिंतीभिंतींवर आपटून आवाज रेंगाळत राहतो, तो घुमारा. तिघे एकाच घरातले असले तरी त्यांचे स्वभाव भिन्न आहेत आणि उपायही भिन्न आहेत.

हात मोकळे ठेवून बोलण्याची गरज काही मोबाईल फोनबरोबर जन्मलेली नाही. आपल्या कीर्तनकारबुवांच्या हातात झांज किंवा चिपळ्या असतात आणि पाय एका जागी ठरत नाहीत. माईक हातात धरा, असे त्यांना कोण सांगणार? भिलाईकरांना दुसरेही उदाहरण परिचयाचे आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पाहता पाहता या माळरानावर एक नगर उभे राहिले. पोलादाच्या कोणत्याही कारखान्यात क्रेनवर बसलेल्या किंवा लाटणयंत्राच्या नियंत्रणकक्षात असलेल्या माणसाचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात, आणि भोवती गोंगाट तर विचारूच नका. तेथे 'टॉकबॅक' असतो : बटण दाबले की बोलावयाचे, सोडले की ऐकावयाचे. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या नसल्यामुळे शीळ नाही आणि पडसादही नाही. वॉकीटॉकीवरील 'ओव्हर' या शब्दात हीच युक्ती आहे. हुकूम देण्याघेण्यास ती उत्तम आहे. गप्पा मारण्यास ती का अपुरी पडते, त्याकडे मी पुढे येणार आहे.

प्रथम शीळ घेऊ. सभागृहात स्पीकर माईकपासून साडेतीन मीटरांवर आहे असे धरा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे स्पीकरपासून माईकपर्यंतची एक फेरी सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात पुरी होते. प्रत्येक फेरीत मूळ आवाजाचा ९० टक्के भाग परत येत असेल तर तो पाहता पाहता विझतो. परंतु आवाजाचे बटण थोडे पुढे सरकविले आणि ९० चे ११० झाले, तर? सेकंदाभरात शंभर फेऱ्या, आणि दर फेरीत दहा टक्क्यांची वाढ. चक्रवाढ व्याजाचा हिशेब करून पाहा : तेरा हजार पटींहून अधिक! अर्थात अँप्लिफायरची ताकद त्याआधीच संपते आणि तो आपल्या पूर्ण बळानिशी किंचाळत राहतो. सर्व स्वर सारखेच वाढतात असे नाही. ज्या कंपनसंख्येला खोली, माईक आणि स्पीकर मिळून सर्वाधिक साथ देतात आणि जिची लाट फेरी पुरी करून आपल्याच पावलावर पाऊल ठेवून येते, तीच वाढते. म्हणून शीळ एका विशिष्ट स्वराची असते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने ही घटना ओळखली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शीळ येण्याच्या किंचित अलीकडे बटण ठेवले तरी काम भागत नाही. त्या काठावर प्रत्येक शब्दाला एक धातूसारखी झणक येते आणि वक्ता रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलतो आहे असे वाटते. जाणकार तंत्रज्ञ शीळ येते तेथून सुमारे सहा डेसिबल मागे थांबतो. ध्वनीच्या गणितात सहा डेसिबलचा अर्थ ध्वनिदाब निम्मा. हे सहा डेसिबल मिळवावयाचे कोठून, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा विद्युतयंत्रात नसून अंतरात असते. माईक तोंडापासून दुप्पट दूर गेला की तोंडाचा थेट आवाज सहा डेसिबलने घटतो. निम्म्यावर आणला की तेवढाच वाढतो. कीर्तनकारबुवांच्या उपरण्याला छातीशी अडकविलेला छोटा माईक ओठांपासून २० सेंटिमीटरवर असतो. त्याऐवजी गालाशी टेकणारा, ओठांपासून ३ सेंटिमीटरवरचा माईक दिला, तर सुमारे १६ डेसिबल फुकटात पदरी पडतात. एवढी बरकत कोणतेही महागडे यंत्र देत नाही. गालावरची ती काडी बुवांना आरंभी शोभत नाही असे वाटते. परंतु दहा मिनिटांत सभा तिला विसरते.

माईकच्या संख्येचाही असाच हिशेब आहे. एकाच वेळी उघडे असलेले माईक दुप्पट केले की शीळ येण्यापूर्वीची मोकळीक तीन डेसिबलने कमी होते. व्यासपीठावर चार माईक उघडे ठेवून एकावरच बोलणे चालू असेल, तर आपले सहा डेसिबल तेथेच गेले. सत्कारसमारंभात आपण नेमके हेच करतो! शिवाय सभेसाठी घेतलेले बहुतेक माईक बदामाच्या आकाराच्या क्षेत्रात ऐकतात. पुढचे चांगले, पाठीमागचे फारच कमी. म्हणून स्पीकर त्यांच्या पाठीकडे हवा. पुष्कळ वक्ते शीळ आली की घाबरून माईकचे डोके मुठीत घट्ट धरतात. त्या जाळीमागील फटींमुळेच माईकला पुढचे-मागचे कळत असते. त्या झाकल्या की तो चहूकडून ऐकू लागतो आणि शीळ थांबण्याऐवजी दुणावते.

आता घुमाऱ्याविषयी. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ च्या सुमारास एका वाईट व्याख्यानगृहाचा अभ्यास हाती घेतला. शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणावयाच्या, खोलीत मांडावयाच्या आणि आवाज विझण्यास किती वेळ लागतो ते मोजावयाचे, असा त्यांचा क्रम होता. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरतात : खोलीचे घनफळ घ्यावे, ०.१६१ ने गुणावे आणि खोलीतील एकूण ध्वनिशोषणाने भागावे. आपल्या छोट्या सभागृहासारखी १५ मीटर लांब, १० मीटर रुंद, ४ मीटर उंच खोली घ्या. घनफळ ६०० घनमीटर. भिंतींना गिलावा, जमिनीला फरशी, वर सिमेंटचे छत. असे पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम चार टक्के भाग गिळतात. ५०० चौरस मीटर पृष्ठभागाचे शोषण झाले २० एकक. सूत्र सांगते की आवाज विझण्यास जवळजवळ पाच सेकंद लागतील. पाच सेकंदांत आपण दोन वाक्ये बोलतो. तेव्हा पहिल्या वाक्याच्या अंगावर दुसरे पडते. आता तेथे १६० माणसे बसवा. माणूस हा उत्कृष्ट ध्वनिशोषक आहे; दरडोई साधारण अर्धा एकक. शोषण वीसचे शंभर झाले आणि वेळ एका सेकंदावर आली.

दुपारी रिकाम्या सभागृहात माईकची चाचणी घेणारा तंत्रज्ञ हैराण का होतो आणि संध्याकाळी तेच यंत्र शहाण्यासारखे का वागते, याचे रहस्य यात आहे. परंतु ज्या कार्यक्रमाला वीसच माणसे येतात त्याला ते यंत्र शहाणे वाटत नाही. अशा वेळी जाड पडदे आणि सतरंज्या यांवर केलेला खर्च नव्या स्पीकरवरील खर्चापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शीळ रोखण्याची एक मोठी मौजेची युक्ती मानफ्रेड श्रोडर यांनी १९६४ मध्ये मांडली. माईकमधून आलेला संपूर्ण आवाज पाच कंपनांनी वर सरकवून स्पीकरला द्यावयाचा. मग फेरी पुरी करून आलेली लाट स्वतःच्या पावलावर पाऊल ठेवूच शकत नाही, दर फेरीला ती पाच पावले बाजूला पडते. भाषणात हा बदल कानाला जाणवत नाही. परंतु आपण गाणारी माणसे! १३० कंपनांच्या आसपासचा षड्ज १३५ वर गेला तर तो अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून अधिक चढतो. निवेदकाला जे यंत्र वरदान आहे, ते तानपुऱ्याला शाप ठरेल. दिवाळी पहाटेच्या मैफलीत ते बंद ठेवावे.

आता पडसादाकडे वळतो. विजापूरच्या गोल घुमटात टाळी वाजवून आलेली मंडळी येथे असतील. सतराव्या शतकातील त्या वास्तूच्या घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे. म्हणजे समोरच्या भिंतीवर जाऊन परत येण्यास आवाजाला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. हा कालावधी महत्त्वाचा आहे. परतलेला आवाज सुमारे पन्नास मिलिसेकंदांच्या आत आला तर कान त्याला मूळ आवाजातच मिसळून घेतो. उशिरा आला की तो वेगळा उभा राहतो, आणि तो आपलाच शब्द असेल तर जीभ अडखळू लागते. साध्या स्थानिक फोनवर पडसाद असतोच. पण तो इतक्या लवकर येतो की त्याचा त्रास होत नाही.

त्रास फार वाढला तो उपग्रहांमुळे, आणि यात महाराष्ट्राचा संबंध येतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे उभारलेले विक्रम उपग्रह भूकेंद्र १९७२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्या वेळी टपाल तिकीटही निघाले होते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली येईपर्यंत सव्वा दशांश नव्हे, चांगला पाव सेकंद लागतो. पलीकडच्या यंत्रातून पडसाद निघून तसाच परतला की अर्धा सेकंद झाला. समोर ८५ मीटरवर कडा आहे आणि त्याच्याकडे तोंड करून आपण मुलाशी बोलतो आहोत, असे समजा. परदेशी फोन करण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागे आणि मिनिटागणिक पैसे पडत, त्या काळी ही मिनिटे 'हॅलो, ऐकू येते का?' यात जाणे म्हणजे खरोखर शिक्षा होती.

या पडसादावरचा जुना उपाय म्हणजे प्रतिध्वनिरोधक. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या तारांसाठी तो १९२० च्या दशकापासून वापरात होता. त्याचे तत्त्व द्वारपालाचे : पलीकडचा बोलतो आहे ना, मग अलीकडचे दार बंद. टॉकबॅकचे बटण येथे माणसाऐवजी यंत्र दाबते, इतकाच फरक. परंतु यंत्राला कोण बोलतो आहे याचा अंदाज करावा लागतो आणि तो चुकला की वाक्याचे पहिले अक्षर कापले जाते. दोघे एकदम बोलले तर एकाचे बोलणे गडप होते.

१९६० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत निराळा विचार पुढे आला. दार बंद करण्याऐवजी पडसाद नेमका किती आणि कसा येणार हे आधी ओळखावे आणि तेवढाच वजा करावा. जॉन केली व बेन लोगन यांची ही कल्पना. तिचे गणित व प्रत्यक्ष यंत्र यांविषयीचा पायाभूत निबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचे लेखक होते मनमोहन सोंधी. भारतात जन्मलेले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले हे गृहस्थ. आपण रोज त्यांच्या विद्येवर बोलतो आणि त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते. म्हणून ते या सभेत मुद्दाम उच्चारतो.

यंत्र पडसाद ओळखते कसे? स्पीकरला कोणता आवाज दिला हे त्याला माहीत असते. माईकमध्ये काय आले हेही माहीत असते. या दोहोंची सतत तुलना करून ते खोलीचा एक नकाशा मनाशी बांधते : थेट आलेला आवाज इतका, भिंतीवरून आलेला इतक्या उशिराने इतका, टेबलावरून इतका. नकाशानुसार एक खोटा पडसाद रचून तो माईकच्या आवाजातून वजा करते. बाकी उरली तर नकाशा थोडा दुरुस्त करते, पुन्हा वजा करते. दुरुस्तीची जी सोपी रीत सर्वत्र वापरतात ती १९६० मध्ये विड्रो आणि हॉफ यांनी दिली. सोपी म्हटली तरी श्रम पाहा. सेकंदाला आवाजाचे ८,००० नमुने आणि नकाशात १,०२४ खुणा घेतल्या, तर वजाबाकी व दुरुस्ती मिळून सेकंदाला एक कोटी साठ लाखांहून अधिक गुणाकार होतात. असे यंत्र एकाच चिपवर बसविण्याचे काम १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे ते स्वस्त होत होत आपल्या खिशात आले.

तेव्हा पडसाद संपला असता. परंतु आपण फोन कानाला लावावयाचे सोडून टेबलावर ठेवला! फोन कानाशी असताना माईक तोंडापासून पाच सेंटिमीटरवर असतो. टेबलावर ठेवून ८० सेंटिमीटरवरून बोललो की अंतर सोळा पट आणि आवाजाची तीव्रता २५६ पटींनी कमी. त्याच वेळी फोनचा स्वतःचा स्पीकर माईकपासून वीतभरही दूर नसतो. म्हणजे कानाशी फटाका वाजत असताना पलीकडच्या गल्लीतील माणसाचे बोलणे ऐकण्याचे काम आपण त्या माईकला देतो. शिवाय नकाशा स्थिर राहत नाही. कोणी दार उघडले, कोणी फोन हलविला, पंखा फिरतो आहे, या सर्वांनी तो बदलतो. भिलाईच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांवर असताना, ध्वनीचा वेगसुद्धा ३५७ मीटरपर्यंत जातो. हे बदल यंत्र सोसते. ते शिकतच असते. त्याला दोन गोष्टी मात्र सोसत नाहीत.

पहिली, दोघांनी एकदम बोलणे. माईकमध्ये आलेला तुमचा आवाज हा नकाशातील चूक आहे असे समजून यंत्र नकाशाच बिघडवून बसते. म्हणून त्या क्षणी त्याला शिकणे थांबवावे लागते. दुसरी, स्पीकरचा फाटलेला आवाज. छोटा स्पीकर पूर्ण जोरात लावला की तो दिलेला आवाज जसाच्या तसा न देता त्यात स्वतःची खरखर मिसळतो. ही खरखर यंत्राला दिलेल्या आवाजात नव्हतीच; मग ते ती वजा कशातून करणार? चांगले यंत्र पडसादाची तीव्रता तीस डेसिबलपर्यंत, म्हणजे हजार पट, कमी करू शकते. परंतु खरखरीपुढे त्याची मात्रा चालत नाही. अशा वेळी बहुतेक फोन गुपचूप जुन्या द्वारपालाला बोलावतात. दार बंद होते.

आता मी हुंकाराचे सांगतो. मराठी बोलणे हुंकारावाचून चालत नाही. पूर्वी रात्री गोष्ट सांगणारी आजी हुंकार आला नाही की थांबत असे. मूल झोपले, असे ती समजे. आपणही दर दोन वाक्यांना 'हं', 'बरं', 'अगं बाई', 'हो का' अशी साथ अपेक्षितो. दार बंद करणारे यंत्र प्रथम या हुंकारांचाच बळी घेते, कारण ते हळू असतात आणि समोरचा बोलत असतानाच येतात. मग सांगणाऱ्याला वाटते, पलीकडे कोणी ऐकत नाही. तो थांबतो. पलीकडचा म्हणतो, "बोला ना!" नेमके त्याच वेळी हा बोलू लागतो आणि दोन्ही दारे आपटतात. असे चार वेळा झाले की वयस्क माणूस बोलणे आखडते घेतो. 'तब्येत बरी आहे', 'जेवलास का', 'ठेवतो' एवढ्यावर येतो. घरच्यांना वाटते, म्हातारपणामुळे अबोल झाले. माझ्या पाहण्यात अशी माणसे आली आहेत, आणि ती अबोल झालेली नव्हती.

माझ्या परिचयातील एका घरी परदेशातील नात सतत पडसादाची तक्रार करीत असे. तिने दोनदा नवा फोन घेतला, गुण आला नाही. येणारही नव्हता. माझ्या आजच्या भाषणातील एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे : ज्याला पडसाद ऐकू येतो, दोष त्याच्याकडे नसतो, तो समोरच्या बाजूला असतो. नातीला तिचा आवाज परत येत होता, कारण तो आजीच्या स्पीकरमधून आजीच्या माईकमध्ये शिरत होता. आजींना कमी ऐकू येई. म्हणून आवाज पूर्ण मोठा करून फोन स्टीलच्या पातेल्यात उभा ठेवण्याची युक्ती कोणीतरी शिकविली होती. आवाज मोठा होतो हे खरे; परंतु तो पातेल्यात घुमून सरळ माईकवर कोसळतो. आम्ही फोन बाहेर काढला, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला, आजींच्या तोंडापासून हातभर अंतरावर आणला आणि आवाज दोन-तृतीयांशावर उतरविला. जवळ आल्यामुळे त्यांना पूर्वीइतकेच ऐकू येऊ लागले. त्या दिवशी नातीला आजीचे 'हं' ऐकू आले. पाऊण तास बोलणे झाले आणि चहा गार झाला.

येथील अनेक ज्येष्ठांनी कारखान्याच्या गोंगाटात नोकरीची वर्षे काढली आहेत. श्रवणयंत्र वापरणारेही पुष्कळ आहेत. त्या यंत्राची शिट्टी ही सभागृहातील शीळच आहे, फक्त माईक आणि स्पीकर यांत एक-दोन सेंटिमीटरचे अंतर. कानातला साचा सैल झाला किंवा मळ साचला की आवाज बाहेर गळतो आणि फेरी सुरू होते. साचा नीट बसवून घेतला तर बहुतेक शिट्ट्या थांबतात. नव्या यंत्रांत वजाबाकीची तीच विद्या असते. तिची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी : तानपुरा, बासरी यांचा लांब स्वर तिला शिट्टीच वाटतो आणि ती त्याला पुसू पाहते. संगीतासाठी वेगळी योजना यंत्रात असते, ती श्रवणतज्ज्ञाकडून चालू करून घ्यावी. यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून मैफलीला येऊ नये. संगणकावरील सभांतही तानपुऱ्याची हीच गत होते. तेथे 'मूळ आवाज' ठेवण्याचा पर्याय निवडावा आणि दोन्ही बाजूंनी कानाला हेडफोन लावावेत.

शेवटी आपल्या सभागृहाचा प्रश्न. २०२० च्या टाळेबंदीपासून परगावचा वक्ता पडद्यावर आणि श्रोते येथे, अशा सभा आपण करू लागलो. त्यांत शीळ व पडसाद दोन्ही हातात हात घालून येतात. एकाच खोलीत दोन फोन त्याच सभेला जोडलेले असणे, हे त्याचे सर्वांत सामान्य कारण. एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माईकला पोसतो आणि एकाही यंत्राला तो आवाज आपला वाटत नाही. म्हणून पडद्यावरचा एक संगणक सोडून बाकी सर्वांनी सभेतून बाहेर पडावे. दुसरे, ध्वनिमिश्रकाची जोडणी. दूरच्या वक्त्याला सभागृहातील सर्व माईकचे आवाज पाठवावयाचे, परंतु त्याचा स्वतःचा आवाज त्यातून वगळावयाचा. आकाशवाणीच्या स्टुडिओत ही रीत फार जुनी आहे. आपल्या मिश्रकावर 'ऑक्स' नावाचे जे बटण कोणी वापरीत नाही, ते याच कामाचे आहे : संगणकाकडून येणाऱ्या मार्गिकेवर ते शून्यावर ठेवावे, बाकी माईकवर उघडावे. त्याला खर्च एका तारेचा येतो.

आणि चाचणी घेताना 'हॅलो, वन, टू, थ्री' म्हणू नये. येथून एकाने सलग एक मिनिट बोलावे आणि पलीकडच्याने त्यावर हळू आवाजात हुंकार देत राहावे. सर्व हुंकार सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ऐकू आले तर पाहुण्यांना बोलावण्यास हरकत नाही.

माईक आता प्रश्न विचारणाऱ्यांकडे देतो. कृपया त्याचे डोके मुठीत धरू नये.